डाव्या बाजूला बसा

नौपाड्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या,
समोरचं दिसत राहील, घाबरू नका.
बाजूचं जाईल हळूहळू.
आणि हो, गाडी आता नाही चालवायची.

चौतीस वर्षं समोरचंच तर पाहिलं.
नाशिकला जाताना, नाशिकहून येताना
पुढच्या ट्रकचं फळकूट, त्याखाली लोंबणारी लिंबू-मिरची,
गतिरोधक, टोल, सुट्टे पैसे.
शेजारून ही म्हणायची, अहो, ते बघा.
मी म्हणायचो, काय?
तोवर ते मागे गेलेलं असायचं.

गाडी कळव्याच्या एका पोराला विकली.
किल्ली दिली, आणि दिल्यावरही
दोनदा खिसा चाचपला.

त्यानंतरचा पहिला बुधवार. ठाण्याहून सकाळची आसनगाव.
सगळं जग इकडे येत असताना
तिकडे जाणारा डबा मोकळा असतो.
समोर एक माणूस, चपला काढून,
शिवणयंत्राचं चाक मांडीवर घेऊन झोपलेला.
वासिंदनंतर माहुलीचे सुळके खिडकीत आले
आणि स्टेशन येईपर्यंत तिथंच राहिले.
मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.

शहापूरचा स्टँड. डोळखांबची कुठं लागते?
केळीवाला म्हणाला, लागली की कळंल.
लागली तेव्हा खरंच कळलं:
एकदम सगळ्या पिशव्या उठल्या.

कंडक्टर वेखंडेबाई. त्यांनी आधार कार्ड पाहिलं,
यंत्रातून चिठोरं काढलं: अर्धं.
लहानपणी अर्ध्या तिकिटासाठी
आई माझं वय चोरायची.
आता खरं सांगूनही तेच मिळालं.
"डाव्या बाजूला बसा काका, उजवीकडं ऊन लागंल."

माझा डावाच डोळा कडेनं कुरतडलेला.
त्यांना हे कशाला सांगा.
बसलो, आणि अख्खी मान खिडकीकडे वळवली,
कुणी हाक मारल्यावर वळवावी तशी.
बाजूचं समोर आलं.

पळस. पेटलेला वगैरे नव्हे,
कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, जरा भांडखोर.
खाचरांत राब भाजल्याचे काळे चौकोन.
एका बांधावर उलटी ठेवलेली निळी बादली,
खाली बहुतेक काहीतरी झाकलेलं.
वीटभट्टी, भट्टीच्या सावलीत खाट,
खाटेवर पालथी पडून लिहिणारी पोर.
थांब्यावर तीन सायकली आणि माणूस एकही नाही.

मग थांबा नसतानाच गाडी थांबली.
हिलमांच्या म्हातारीला उतरायचं होतं.
आधी टोपली, मग काठी, मग कोंबडी, मग ती.
ड्रायव्हरनं इंजिनच बंद केलं.
इतकं शांत झालं, की टपावर
मोहाचं फूल पडलेलं ऐकू आलं.
एक. बऱ्याच वेळानं दुसरं.

शेजारी ठाकरवाडीची चंद्रभागा मेंगाळ, नववीतली.
मान मोडून काय बघताय?
बाजूचं, मी म्हटलं.
तिनंही पाहिलं. हे? हे तर रोजचंच.
पण जरा वेळानं तिनंच बोट केलं:
तो पांढऱ्या खोडाचा, कहांडोळ.
चांदण्यात बघायचा, माणूसच वाटतो उभा.

डोळखांबला पाऊण तास. चहा, आणि भजी
कुणाच्या तरी गणिताच्या पेपरवर.
पंचवीसपैकी बारा. तेलानं आणखी एक गणित पुसलं.

परतीला वेखंडेबाईच.
"आता उजवीकडं बसा, ऊन फिरलं."
उजवीकडे म्हणजे पुन्हा तीच बाजू,
फक्त दुसऱ्या डोळ्याला.
खाट सावलीमागून सरकली होती, पोर नव्हती.
बांधावरची बादली सुलटी, रिकामी.

घरी आल्यावर सगळं सांगितलं.
पळस नाही, माहुली नाही,
हिनं पहिलं हेच विचारलं:
बादलीखाली काय होतं?

पुढच्या बुधवारी तीही येणार आहे.
खिडकी कुणाची,
यावर अजून एकमत नाही.